“आता दुखंना झालंय”: सीमाभागातल्या गावोगावच्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
खानापूर, बेळगाव, हुक्केरी, निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग या पट्ट्यात गावोगावी दवाखाना चालवणारी सर्व डॉक्टर मंडळी

सप्रेम नमस्कार.

“रविवारी रात्री म्हणाला, आता दुखंना झालंय. म्हणून आणलं नाही.”

गेली सत्तावीस वर्षं मी बेळगावात जनरल सर्जरी करतोय. हे वाक्य किती वेळा ऐकलं, याची मोजदाद ठेवलेली नाही. वार बदलतो, गाव बदलतं, सांगणारी कधी आई असते, कधी मामा, कधी ऊसतोड टोळीचा मुकादम. ‘दुखंना झालंय’ तेवढं कायम. ते कानावर पडलं की पोटाला हात लावायच्या आधीच आत काय मांडून ठेवलंय याचा अंदाज येतो.

अपेंडिक्सबद्दलचं हे पत्र तुम्हाला लिहितोय, कारण पोटदुखीचा पेशंट पहिल्यांदा माझ्याकडे कधीच येत नाही. तो तुमच्याकडे येतो. माझ्यापर्यंत पोचतो तेव्हा निम्मा निकाल लागून गेलेला असतो. त्या निम्म्या निकालाबद्दल बोलायचं आहे. तक्रार म्हणून वाचू नका. मी खानापूर तालुक्यातलाच आहे. ओढ्याला पाणी आलं की बस बंद, वस्तीची गाडी आली तर आली, रात्री अकराला दारात पोटदुखीचं पोर आणि हाताशी सोनोग्राफी नाही, ही परिस्थिती मला ठाऊक आहे. बेळगावात एसीत बसून ‘आधी का नाही पाठवलं’ म्हणणं फार सोपं. मीही ते पुष्कळदा म्हटलंय. आता म्हणत नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. जांबोटीच्या पलीकडे, घाटाच्या अंगाचं गाव. मुलगा अकरा वर्षांचा. शनिवारी सकाळची शाळा करून आला तो जेवलाच नाही. बेंबीभोवती दुखतंय म्हणाला. आज्जीने ओवा चावायला दिला, रात्री बेंबीत हिंग भरला, पहाटे दोन चमचे एरंडेल पाजलं. रविवारी सकाळी दोन उलट्या झाल्या तसा बाप त्याला मोटरसायकलवर बसवून डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. उजवीकडे खाली हात लागला की पोर अंग चोरतंय, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनीच नंतर मला फोनवर तसं सांगितलं, आणि हा माणूस खरं बोलला म्हणून मला त्यांच्याबद्दल आदरच वाटला. पण बाहेर धो धो पाऊस, ताप जेमतेम शंभर. एक इंजेक्शन दिलं, तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या, ‘उद्या बघू’ म्हणाले. त्या रात्री पोर म्हणालं, आता दुखंना झालंय. ते झोपलं, घरचेही झोपले. सोमवारी नुसतं पडून होतं, घरच्यांना वाटलं अशक्तपणा. मंगळवारी पोट फुगलं, संडास नाही, गॅस नाही. बुधवारी पहाटे ते माझ्यासमोर आलं तेव्हा नाडी १४० होती, जीभ वाळलेल्या सालीसारखी आणि पोट फळीसारखं.

पोट उघडल्यावर अर्ध्या लिटरहून जास्त पू निघाला. अपेंडिक्स काळं, बुडाशी भोक, आणि आत अडकलेला हरभऱ्याएवढा खडा सुटून खाली ओटीपोटात जाऊन पडलेला. तो खडा शोधायला अर्धा तास गेला, कारण तो आत राहिला तर त्याच्याभोवती पुन्हा गळू होतं. सहाव्या दिवशी ताप परत चढला. ओटीपोटात पू साठला होता, तो सोनोग्राफीखाली सुई घालून काढला. सोळाव्या दिवशी पोर घरी गेलं. ऐन रोप लावणीत आईबाप दोघं सोळा दिवस वॉर्डाच्या व्हरांड्यात बसून होती. शेत शेजाऱ्यांनी लावून दिलं.

शनिवारी रात्री आलं असतं तर हेच पोर सोमवारी नाहीतर मंगळवारी घरी गेलं असतं.

फुटल्यावर दुखायचं का थांबतं, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. पण हे पत्र पेशंटचे नातेवाईकही वाचतील, म्हणून थोडं उलगडून लिहितो. अपेंडिक्स ही मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, करंगळीहून बारीक, एका टोकाला बंद नळी. तिचं तोंड विष्ठेच्या खड्याने किंवा सुजेने बुजलं की आतला स्राव तुंबतो आणि दाब वाढतो. अपेंडिक्सच्या आणि बेंबीच्या संवेदना पाठीच्या कण्यात एकाच पातळीवर पोचतात, म्हणून सुरुवातीला दुखतं ते बेंबीभोवती. सूज नळीच्या बाहेरच्या आवरणापर्यंत आली की ती पोटाच्या आतल्या अस्तराला टेकते, आणि मग दुखणं उजवीकडे खाली सरकतं. दाब आणखी चढला की रक्तपुरवठा बंद पडतो. अपेंडिक्सला रक्त देणारी मुख्य शीर एकच, तिला दुसरी वाट नाही. भिंत सडते, भोक पडतं, दाब सुटतो, आणि दुखणं थांबतं. कुकरचा व्हॉल्व्ह उडाल्यावर शिट्टी थांबते, तसं. जेवण खराब झालंय हे नंतर कळतं.

मोठ्या माणसात पोटातली चरबीची चादर, ओमेंटम, फुटलेल्या जागेला येऊन गुंडाळते आणि पू एका कोपऱ्यात कोंडते. लहान मुलांत ही चादर आखूड आणि विरळ असते. पाच वर्षांच्या आतल्या पोरात तर रोग लक्षात येईपर्यंत बहुतेकदा अपेंडिक्स फुटून गेलेलं असतं, कारण ते कुठे दुखतंय हे सांगू शकत नाही, नुसतं रडतं. म्हाताऱ्यांची तऱ्हा उलटी. पोट फारसं कडक होत नाही, ताप येत नाही, माणूस ‘जरा अन्न जाईना’ एवढंच म्हणतो.

आता तासांचा हिशेब. न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात २००६ साली असं दिसलं, की दुखणं सुरू झाल्यापासून ३६ तासांच्या आत उपचार मिळालेल्यांत फुटण्याचा धोका दोन टक्के किंवा त्याहून कमी. ३६ तास उलटून गेल्यावर पुढच्या प्रत्येक १२ तासांमागे पाच टक्के. हा काटा शनिवारच्या दुपारी सुरू झाला होता. रविवारी सकाळी पोर डॉक्टरांसमोर होतं तेव्हा वीस तासही झाले नव्हते. माझ्या मनातून हा आकडा जात नाही. वेळ हातात होती.

याच्याच जोडीला दुसरी गोष्ट, जी ऐकून काही जणांना आश्चर्य वाटेल. फिनलंड आणि नॉर्वेतल्या सर्जननी सुमारे १८०० रुग्णांवर करून २०२३ साली छापलेल्या पाहणीत, न फुटलेलं अपेंडिक्स आठ तासांत काढलं काय आणि चोवीस तासांत काढलं काय, फुटलेली निघाली ती आठ आणि नऊ टक्के. फरक नाहीच म्हणायचा. म्हणून रात्री दोनला आलेल्या पेशंटला मी कधीकधी सकाळी सातला टेबलावर घेतो, आणि नातेवाईक तुम्हाला फोन करून ‘डॉक्टर झोपलेत’ म्हणतात. मी झोपलेला नसतो, पण ते जाऊ दे. सांगायचं एवढंच, की वॉर्डातले सहा तास आणि घरातले सहा तास एका मापाचे नाहीत. वॉर्डात दर दोन तासांनी कुणीतरी नाडी बघतं, पोटाला हात लावतं. घरात हिंग लावतात.

तुम्ही दिलेल्या वेदनाशामक इंजेक्शनाला मी नावं ठेवणार नाही. आम्हाला शिकवलं होतं की निदान होईपर्यंत दुखणं मारायचं नाही, नाहीतर खुणा झाकल्या जातात. त्यानंतर झालेल्या अभ्यासांत ही भीती खरी ठरली नाही. दुखणं कमी केल्यावरही पोट दाबलं की उजवीकडची जागा बोलतेच. कळवळणाऱ्या माणसाला इंजेक्शन द्या, माणुसकी आहे ती. धोका सुईत नाही, सुईनंतर ‘जा घरी’ म्हणण्यात आहे. एरंडेल मात्र नको. बुजलेल्या नळीच्या वर आतडं जोराने हलवायचं, यात कुणाचंच भलं नाही. आज्ज्यांना हे मी समजावून थकलो. तुमचं त्या ऐकतील.

अँटिबायोटिकचं प्रकरण नाजूक आहे. माझ्या एका डॉक्टर मित्राने मध्यंतरी मला मोबाइलवर बातमी पाठवली, ‘अपेंडिक्सला आता ऑपरेशन नको, गोळ्या पुरतात,’ आणि खाली हसरा चेहरा. बातमी खोटी नाही. फिनलंडमध्ये ५३० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये आला, अमेरिकेतला १५५२ जणांचा २०२० मध्ये. पण फिनलंडच्या अभ्यासात सी.टी. काढून, अपेंडिक्स फुटलेलं नाही आणि आत खडाही नाही, याची खात्री करून मगच माणसं घेतली होती. उपचार हॉस्पिटलात, शिरेतून सुरू झाले. तरीही अँटिबायोटिक घेतलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचं अपेंडिक्स पाच वर्षांत काढावं लागलं. अमेरिकेच्या अभ्यासात खडा असलेले रुग्णही होते. खडा असून अँटिबायोटिक घेतलेल्यांपैकी ४१ टक्क्यांचं ऑपरेशन तीन महिन्यांत झालं आणि गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त. आपल्याकडे पोटाच्या फोटोशिवाय दिलेल्या तीन दिवसांच्या सेफिक्झिमच्या गोळ्या आणि तो उपचार, यांचं नातं फक्त नावापुरतं. शिवाय अर्धवट अँटिबायोटिकने ताप उतरतो, रोग उतरत नाही. मग चौथ्या दिवशी माझ्यासमोर जे पोट येतं ते धड फुटलेलंही वाटत नाही, धड बरंही वाटत नाही.

सोनोग्राफीबद्दल एकच. ‘अपेंडिक्स दिसलं नाही’ याचा अर्थ अपेंडिक्स चांगलं आहे असा नसतो. पोटात गॅस असला, माणूस जाड असला, अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे दडलेलं असलं तर ते दिसतच नाही. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ वाचून घरी गेलेले दरवर्षी दोन-तीन तरी परत येतात. रिपोर्टपेक्षा सहा तासांनी पुन्हा लावलेला तुमचा हात मला जास्त भरवशाचा वाटतो.

बरं, फुटलंच. मग आमच्या हातात काय उरतं?

पुष्कळ उरतं, आणि पुष्कळ उरतही नाही. आम्ही सर्जन लोक ज्यावर परिषदांत तावातावाने भांडतो त्यातल्या बऱ्याच गोष्टींनी पेशंटच्या नशिबात फारसा फरक पडत नाही, हे मला उशिरा कळलं. दुर्बिणीने की चिरून, हा पहिला वाद. १९८० साली कीलमध्ये कुर्ट सेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं तेव्हा जर्मनीतले सर्जन त्याच्यावर तुटून पडले होते. पुढे बरीच वर्षं आम्ही म्हणायचो, साधं अपेंडिक्स दुर्बिणीने ठीक, फुटलेलं मात्र चिरूनच. आता मी फुटलेलंही शक्यतो दुर्बिणीनेच करतो. फायदा खरा आहे तो टाक्यांचा. उघड्या ऑपरेशनात पू त्या चिरेतूनच बाहेर यायचा आणि चीर पिकायची. पूर्वी आम्ही कातडी शिवतच नव्हतो, जखम उघडी ठेवून रोज पट्टी घालायचो. त्या पट्ट्या तुमच्याच दवाखान्यात व्हायच्या, आठवत असेल. दुर्बिणीने ते बरंच कमी झालं. पोटाच्या आत पुन्हा गळू होण्याचं प्रमाण दुर्बिणीत जास्त, असं सुरुवातीच्या अभ्यासांत दिसायचं. हात बसत गेले तशी ती तफावत कमी होत गेली. आणि भूल देणारे डॉक्टर रात्री मिळत नसतील, दुर्बिणीचा हात बसलेला नसेल, तर नीट चिरून केलेलं ऑपरेशन हे वाईट दुर्बिणीपेक्षा केव्हाही चांगलं. ‘दुर्बीण नाही तर आम्ही पुढे जातो’ म्हणत पेशंटला आणखी शंभर किलोमीटर नेणारे नातेवाईक बघितलेत, म्हणून हे लिहितोय.

दुसरा वाद पोट धुण्याचा. माझे गुरू म्हणायचे, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. सहा-सहा, आठ-आठ लिटर सलाईन ओतायचो. अमेरिकेत २२० मुलांवर अभ्यास झाला, २०१२ साली छापून आला: निम्म्यांचं पोट धुतलं, निम्म्यांचा पू नुसता ओढून काढला. नंतर गळू झालं ते धुतलेल्यांत १८.३ टक्के, न धुतलेल्यांत १९.१. वाचून मला अंमळ रागच आला होता. इतकी वर्षं ओतलेलं पाणी! आता मी आधी पू पूर्ण ओढतो, यकृताच्या वर आणि ओटीपोटाच्या तळाशी कॅमेरा नेऊन बघतो, आणि पाणी लागलंच तर त्या जागेपुरतं घालतो. सगळीकडे पाणी खेळवलं की पूही सगळीकडे फिरतो.

ऑपरेशननंतर पू बाहेर यावा म्हणून पोटात ठेवतात ती नळी तर नातेवाईकांची फार लाडकी. ‘डॉक्टर, नळी ठेवलीय ना?’ बाटलीत काहीतरी येताना दिसलं की त्यांना बरं वाटतं. फुटलेल्या अपेंडिक्सनंतर नळी ठेवल्याने गळू टळतं असं अभ्यासांत सिद्ध होत नाही, मुक्काम मात्र वाढतो. मी ती नेमाने ठेवत नाही. बांधीव गळू असेल किंवा बुडाचा भरवसा नसेल तरच. बूड म्हणजे अपेंडिक्स मोठ्या आतड्याला जिथे चिकटतं ती जागा. ती चांगली असेल तर साधा दोऱ्याचा फास पुरतो. तीच सडली असेल तर आतड्याचा चांगला भाग धरून स्टेपलर मारावा लागतो किंवा हाताने शिवावं लागतं, आणि क्वचित आतड्याचा तुकडाच काढावा लागतो. स्टेपलरचा खर्च मोठा असतो. त्या दिवशी बिल का वाढलं हे नातेवाईकांना तुम्ही समजावून सांगितलंत तर माझ्यावर उपकार होतील.

अँटिबायोटिकचे दिवसही असेच घटत गेले. आम्ही दहा-दहा दिवस द्यायचो. पोटातल्या पुवावर २०१५ साली अमेरिका आणि कॅनडातल्या ५१८ रुग्णांचा अभ्यास आला, त्यात पूचा उगम नीट बंद केल्यावर चार दिवस पुरले. २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या १०६६ रुग्णांवरचा आला, तो नेमका फुटलेल्या आणि सडलेल्या अपेंडिक्सचाच होता. तिथे दोन दिवसांनी जवळपास तेवढंच काम केलं जेवढं पाच दिवसांनी. माझं धाडस दोनवर थांबायचं अजून होत नाही. आपल्याकडे साध्या औषधांना दाद न देणारे जंतू जास्त, पेशंट येतो तोच चौथ्या दिवशी. मी तीन-चार दिवस देतो, ताप आणि भूक बघून थांबवतो. पण घरी गेल्यावर ‘अजून पाच दिवस सुरक्षित म्हणून’ तुमच्याकडून वाढवून मिळतात, ते नको.

एका बाबतीत मात्र घाई हीच चूक असते, आणि ती चूक मी केली आहे. नवा नवा सर्जन होतो. चिकोडीकडचा चाळिशीतला माणूस, सहा दिवसांचं दुखणं, उजवीकडे खाली मुठीएवढा गोळा, ताप बेताचा, चालत आलेला. पुस्तकात लिहिलं होतं, गोळा झाला असेल आणि पेशंट स्थिर असेल तर थांबा, अँटिबायोटिक द्या, रोज गोळ्याची कड पेनाने आखून बघा. मला वाटलं, काढून टाकू. आत सगळी आतडी एकमेकांना चिकटून चिखलासारखी झाली होती. अपेंडिक्स सापडेना. शोधता शोधता मोठं आतडं फाटलं. शिवलं, ते सुटलं, आणि पाच आठवडे त्या माणसाच्या पोटातून विष्ठा बाहेर येत होती. तो वाचला. दर दिवाळीला गुळाची ढेप घेऊन येतो. ती घेताना मला अजून कसंतरी होतं.

इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरला होता. दोन दिवस आधी फ्रेडरिक ट्रीव्ह्ज या सर्जनने राजवाड्यातच त्याचं ऑपरेशन केलं. केलं काय, तर गळू फोडून पू काढला. अपेंडिक्सला हातही लावला नाही. ऑगस्टमध्ये राजाला मुकुट चढला. त्याच ट्रीव्ह्जची स्वतःची मुलगी दोन वर्षांपूर्वी फुटलेल्या अपेंडिक्सनेच गेली होती. पुढे जाऊन थांबण्याची जागा त्याला कळली होती. आज आम्ही चीरही न घेता सोनोग्राफी किंवा सी.टी.खाली सुईने गळू रिकामं करतो. तेव्हा तुम्ही पाठवलेला, पोटात गोळा झालेला पेशंट मी ऑपरेशन न करता सात दिवसांनी घरी सोडला, तर ‘सर्जनला जमलं नसेल’ असं त्याला सांगू नका. सांगितलंत तर तो दुसरीकडे जाईल आणि तिथे कुणीतरी उघडेल.

अशा माणसाचं अपेंडिक्स नंतर काढायचं की नाही, यावर वाद आहे. पण तो चाळिशीच्या पुढचा असेल तर मला तो परत हवा. फिनलंडमध्ये गळू बरं झालेल्या साठ जणांचा अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण वीस टक्के लोकांच्या अपेंडिक्समध्ये गाठ निघाली, आणि ते सगळे चाळिशीवरचे. अभ्यास छोटा आहे, आकडा पुढे-मागे होईल. पण दुर्लक्ष करता येत नाही. आपल्याकडे अडचण अशी की बरा झालेला माणूस परत येत नाही. ऊस तुटायला लागतो, तंबाखूचा हंगाम येतो, काजू येतो. तीन महिन्यांनी तो तुमच्याकडे सर्दीला येईल. तेव्हा त्याला माझी आठवण करून द्या.

बायकांच्या पोटदुखीबद्दल दोन शब्द. वयात आलेली मुलगी उजवीकडे दुखतंय म्हणाली की घरात ‘पाळीचं असेल’ म्हणतात, आणि खरं सांगायचं तर दवाखान्यातही. पाळीची तारीख विचारा, लघवीची गर्भाची चाचणी करा. गर्भाशयाऐवजी बीजनलिकेत रुजलेला गर्भही असाच दुखतो आणि तो अपेंडिक्सहून लवकर जीव घेतो. आणि गरोदर बाईचं अपेंडिक्स फुटू देऊ नका. न फुटलेल्यात बाळ बहुतेकदा वाचतं, फुटल्यावर ते जाण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. ‘पोटुशी आहे, भूल कशी द्यायची’ म्हणून थांबलेली एक बाई मला अजून दिसते.

तर माझं मागणं. पेशंटबरोबर एक चिठ्ठी द्या. लेटरहेड नको, निदानही नको. दुखायला कधी लागलं तो वार आणि वेळ, दुखणं सरकलं का, कधी थांबलं का, तुम्ही काय टोचलं आणि किती वाजता, शेवटचं काय खाल्लं. एवढंच. चंदगडहून येणारा मराठीत आणतो, अथणीकडचा कानडीत, कुणी इंग्रजीत. आपल्याकडे चिठ्ठीच्या भाषेवरूनही मोर्चा निघू शकतो, पण मला घड्याळाची भाषा पुरते. आकडे तर सगळ्यांचे सारखेच. माझी नर्स हुबळीची आहे, कानडी चिठ्ठी ती मला वाचून दाखवते आणि मराठी चिठ्ठी मी तिला.

आणि बेळगावलाच पाठवा असा माझा हट्ट नाही. निपाणीला कोल्हापूर जवळ पडत असेल तर कोल्हापूर, अथणी-रायबागवाले पिढ्यान् पिढ्या मिरजेला जातात, तर मिरज. कार्ड कुठल्या सरकारचं चालतं यात रात्र घालवू नका. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठीच्या महाराष्ट्राच्या आरोग्य योजनेवरून २०२३ मध्ये दोन्हीकडच्या सरकारांची जुंपली होती, ते वर्तमानपत्रात वाचायला ठीक होतं. फुटायला आलेल्या अपेंडिक्सला सीमाप्रश्न कळत नाही. १०८ ला फोन करा, नाहीतर गावातली कुणाची तरी चारचाकी काढा. दवाखान्यातल्या बाकावर सकाळपर्यंत बसवून ठेवू नका.

शेवटचं माझ्याच कामाचं आहे. मी केलेल्या ऑपरेशनांचा निकाल मला नीट ठाऊक नाही. सर्जन आपला निकाल पेशंट पायरी उतरेपर्यंतच बघतो. आठव्या दिवशी टाक्यातून पू आला तर तो तुमच्याकडे येतो, तुम्ही टाका सोडता, पट्टी करता, तो बरा होतो, आणि माझ्या वहीत तो ‘काहीही त्रास नाही’ म्हणून राहतो. पंधराव्या दिवशी पुन्हा ताप आला, तीन आठवड्यांनी आतडं चिकटून पोट फुगलं, तर बरेचदा तो माझ्यावर रागावून दुसऱ्याच हॉस्पिटलात गेलेला असतो. अभ्यास करणारे तीस दिवस, नव्वद दिवस पेशंटच्या मागे असतात. माझ्याकडे तसा कुणी माणूस नाही. तुम्ही आहात. या वर्षापासून मी फुटलेल्या प्रत्येक अपेंडिक्सच्या डिस्चार्ज कार्डावर, मराठीत आणि कानडीत, तुमचं नाव आणि माझा नंबर लिहून देणार आहे. महिनाभरात त्या पेशंटला काहीही झालं तर मला फोन करा, शिव्या घालायला का होईना. रात्री केलात तरी चालेल, मी जागाच असतो. फक्त पहिलं वाक्य ‘आता दुखंना झालंय’ हे नको.

आपला,
बेळगावातला एक सर्जन